रिकाम्या ट्रकचं वजन

लष्कराचं सामान पोचवून सुगत रिकामा ट्रक घेऊन अमरावतीकडे परतत होता. शेंदूरजनाघाट सोडल्यावर भर दुपारी त्याने ट्रक रस्त्याखाली, संत्र्याच्या बागेपाशी उभा केला. तेवढ्यात ट्रक मागून हलकेच दबला. माणूस चढल्यावर दबतो तसा.

मग पुन्हा. सुगतने बारा वेळा मोजलं.

"चंदन, मांगं कोन चढून राह्यलं?" त्याने खाली उतरलेल्या जोडीदाराला विचारलं.

"कोनीच नाई, भाऊ. मी मांगंच उभा आहो."

सुगत उतरला. मागची चाकं काळ्या मातीत वीतभर रुतली होती. ताडपत्रीखाली मात्र जवानांना बसायची नुसती रिकामी बाकं.

भीतीपेक्षा त्याला नवलच वाटलं. "पाहू तं खरं," म्हणत तो आत चढला.

तशी बाकं करकरली आणि ट्रक जरासा डोलला, त्याला जागा द्यायला सगळे एकदम सरकावेत तसा.