मोनालीच्या नावाची घागर

“बाई, नक्की करायचंय ना?” धुळ्याच्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. “प्रयोगच आहे. मेंदूचा जो भाग मेला, तिथे नव्या पेशी बसवायच्या. जगल्या, तर तुमच्या मालकांना सुखाआधी दुःख कळू लागेल.”

“तेच परत आणा,” पुष्पाबाई म्हणाली.

अमळनेरच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडल्यापासून तिच्या नवऱ्याला, झुलालला, कशाचंच वाईट वाटत नव्हतं. अपघाताआधीची काही वर्षं तर पुसूनच गेली होती. शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं होतं, “मोनाली कुठे?”

“गेली.”

“बरं,” तो म्हणाला आणि चहा मागितला.

त्याची थोरली बहीण समजवायला आली. “सुखमा शे तो, पुष्पा. खास, पेस, झोपस. आते काब्र रडावस त्याले?”

“बाप शे तो, अक्का. बापले दुखालेच जोयजे.”

अक्का खाली बघत उठून गेली.

मोनाली एकुलती एक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबावरचा तिचा झोका इतका उंच जायचा, की गल्लीतल्या बाया ओरडायच्या. खाली झुलाल हात पसरून उभा असायचा. ती गेली त्या वर्षीच्या आखाजीला तिच्या नावाची घागर त्यानंच भरली. घरातल्या मेलेल्यांच्या घागरींशेजारी, आपल्या आईच्या घागरीला लागून ठेवली. कोरड्या डोळ्यांनी. पुष्पाबाई हंबरडा फोडत आडवी आली, तेव्हा तिला भिंतीवर ढकललं. “आजपासून या घरात तिचं नाव नको.” अपघात झाला तो त्यानंतर.

ऑपरेशननंतर बरेच दिवस काहीच फरक नव्हता. मग एका सकाळी वासरू मेलं, आणि झुलाल गोठ्यातून उठेना. डॉक्टर खूश झाले. पुष्पाबाईनं आखाजीची वाट पाहिली.

त्या दिवशी तिनं सांजोऱ्यांचा डबा नेहमीसारखा शिंदखेड्याच्या एसटीत दिला. मग लाल घागर पाण्यानं भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, कुंकू लावलं.

“ही कोनी?” झुलालनं विचारलं.

“मोनालीनी.”

तो बघत राहिला. मग त्यानं घागर पोटाशी धरली. “मन्ही पोर!” त्या आवाजानं गल्ली दारात आली. पाणी अंगावर सांडलं, घागर फुटली, तो उंबऱ्यावर डोकं आपटू लागला.

“आते बस, पुष्पा,” अक्का म्हणाली. “हात जोडस तुले.”

पुष्पाबाईनं मांडे झाकून ठेवले. मागच्या अंगणात जाऊन फोन लावला.

“डबा मिळाला, माय,” मोनाली म्हणाली. मग तिच्या कानावर मागचा आक्रोश गेला. “आबा रडताहेत का गं? आम्ही दोघं येऊ? मी पळून लग्न केलेलं आठवतही नाही त्यांना, आता तरी घरात घेतील.”

“नको, पोरी,” पुष्पाबाई म्हणाली. “आखो दोन-चार आखाज्या तुन्ही घागर भरू दे माले.”