सावडीबाहेरचा

नेमसिंगनं डोक्यावरचा दगड उतरवला, तेव्हा लतीफचाचांनी तो पायानं बाजूला सारला.

"माझ्या भिंतीत तुझा दगड नको."

नेमसिंगनं दगड पुन्हा उचलला आणि शेजारी द्वारकाबाईच्या जोत्यापाशी नेऊन ठेवला.

आगीला दोन महिने होत आले होते. डोंगराच्या बाजूनं वाळलं गवत पेटलं आणि भर दुपारच्या वाऱ्यानं जाळ वस्तीवर आला. एक घर राहिलं नाही. लतीफचाचांची बायको खतीजाबी शेळ्या सोडायला आत गेली, ती बाहेर आलीच नाही. जनावरं वाचली ती एकट्या द्वारकाबाईची. तिनं ती सकाळीच डोंगराकडच्या शेतातून ओढ्याकाठी नेऊन बांधली होती. बाईला देवानं बुद्धी दिली, असं लोक म्हणाले.

आता मिरगाच्या आत डोक्यावर छप्पर हवं होतं. वस्तीनं सावड घातली. एरवी ही सावड पेरणीची असते, यंदा ती घरांची होती. आज सगळ्यांनी एकाच्या घरावर राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं. वारंगा फाट्यावरून पत्रे आले, ते सगळ्यांनी मिळून उतरवून घेतले.

या सावडीत नेमसिंग नव्हता. आगीच्या दिवशी सकाळी तो डोंगरात मोहोळ झाडायला गेला होता, आणि मोहोळ झाडायचं तर धूर करावा लागतो. वस्तीतल्या माणसांनी एकमेकांना विचारून पाहिलं. शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत त्या दिवशी आपण जाळलं, असं कोणीच म्हणालं नाही. मग नेमसिंग उरला. त्यानंही काही लपवलं नाही. "गवताची चूड पेटवली व्हती," तो म्हणाला. "पानी ओतून इझवली. पर..."

त्या 'पर'वर सगळे थांबले.

तरी तो रोज कामाला यायचा, न बोलावता. चिखल तुडवायचा, दगड वाहायचा. त्याची बायको आणि दोन लेकरं वस्तीच्या कडेला मेणकापडाखाली राहत होती. त्याच्या घराचं नाव कोणी काढत नव्हतं.

एके दिवशी काम द्वारकाबाईकडे होतं. पंगत बसली.

"नेमसिंग, जरा लांब बस, बाबा," सटवाजी मिस्त्री म्हणाला. "तुझ्या फुंकरीची बी धास्ती वाटून राहिली आता."

लोक हसले. नेमसिंग ताट घेऊन उठायला लागला.

"ए सटवाजी, भिंत वाकडी घातली तुवा, तिच्याकडं बघ आधी," द्वारकाबाई ओरडली. "बस रे नेमसिंग. मानूस हाय, चुकतं."

तिची सून प्रतिक्षा वाढत होती. नेमसिंगच्या ताटात भाकरी टाकताना तिनं वर पाहिलं नाही. ती कधीच पाहत नसे. नेमसिंगला त्याचं वाईट वाटत नव्हतं. एक माणूस आपल्याला माणसात धरतं, एवढं त्याला पुष्कळ होतं. द्वारकाबाईच्या घरावर तो इतरांच्या आधी यायचा आणि सगळे गेल्यावर जायचा. तिच्या भिंती वस्तीत सगळ्यांत सरळ उठल्या. सटवाजीनं वाकडी घातलेलीही नेमसिंगनं उतरवून पुन्हा रचली.

तिच्या घरावर पत्रे चढले, त्या संध्याकाळी लतीफचाचांनी सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं. लिंब एका अंगानं काळा पडला होता.

"घरं झाली," ते म्हणाले. "आता एक फैसला करा. मी रोज याचं तोंड बघून राहिलो, अन् रोज मला तिची हाक ऐकू येते. हितं तो राहील, न्हाई तर मी."

कोणी मान वर केली नाही. नेमसिंगची बायको लेकरं घेऊन लांब उभी होती. शेवटी द्वारकाबाई उठली.

"लतीफभाई, खतीजाबी माझी बी बहीनच व्हती. तिनं हाकललं असतं का या लेकरांना? त्यानं काय मुद्दाम केलं?"

लतीफचाचा नेमसिंगकडे वळले. आगीनंतर ते पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून बोलत होते.

"खरं सांग. इझली व्हती का चूड?"

"मला वाटलं, इझली," नेमसिंग म्हणाला. "चाचा, डोळा लागला की मी रोज ती पुन्यांदा इझवतो. पर मीच असंल. दुसरं कोन असनार?"

द्वारकाबाई पदर सारखा करत राहिली.

लतीफचाचा काठी टेकून उठले.

"राहू द्या त्याला," ते म्हणाले. "सावडीत घ्या. पत्रे कमी पडले तर माझ्या पडवीचे काढून न्या."

कोणाकडे न बघता ते चालू लागले. सटवाजीनं टोपी काढून तोंड पुसलं. नेमसिंगनं जाऊन द्वारकाबाईचे पाय धरले. तो लहान पोरासारखा रडत होता.

"ऊठ, बाबा, ऊठ," ती म्हणत राहिली.

ती घरी आली तेव्हा प्रतिक्षा चुलीपुढं बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

"आत्याबाई, वारं सुटलंय, धुरा पेटवू नगा म्हनून मी हात जोडले व्हते तुमाला. आता तरी सांगा त्याला. तुमच्या पाया पडून राहिला तो!"

द्वारकाबाईनं दार लोटून घेतलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "आपला गोठा बाकी हाय अजून."