थांबलो की थांबले

"थांबलो की थांबले? बाई, काय ते एकच सांगा. सहाला छपाईला जायचंय," पुण्याहून दीनानाथ फोनवर म्हणाले.

वॉटफर्डच्या स्वयंपाकघरात सुलक्षणाने कपाळाला हात लावला. जपानच्या सम्राटाच्या हुकमाने झालेला तो जुना कवितासंग्रह तिने आठ वर्षं खपून मराठीत आणला होता. सगळं तपासून झालं, आणि मुद्रितशोधक दीनानाथांचं घोडं एका ओळीवर अडलं. पलीकडच्या काठावर दिवा दिसला आणि मी थांबले.

"खाली 'कवी अज्ञात' आहे. म्हणजे थांबलो."

"अहो, पण बाई असली तर?"

"मग थांबले."

"तेच तर माहीत नाही! संपादकांना कित्येकदा नाव ठाऊक असायचं. माणूस दरबाराच्या मर्जीतून उतरलेला, पण कविता सोडवत नसे, म्हणून नाव झाकून घ्यायचे. हजार वर्षं झाकलेलं आपण एका मात्रेने उघडं पाडायचं? जपानी क्रियापदाला लिंगच नाही."

"मराठीत आहे, बाई. त्याला मी काय करू? अर्ध्या तासाने करतो फोन."

मराठीत आहे, हे सुलक्षणाला का कुणी सांगायला हवं होतं! टेबलापलीकडे तनूचं लॅपटॉपवर काहीतरी चाललं होतं. ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीला ईस्टरची सुट्टी होती. दिवाळीत तनूने सांगितलं होतं, "आई, मला मुलगी म्हणू नकोस. मुलगापण नको." सुलक्षणाने मनापासून हो म्हटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी 'उठलीस का' ओठांवरच अडलं. 'उठलास'ही निघेना. 'उठलंस' तर तान्ह्या बाळाला म्हणतात. मग घरात इंग्रजी सुरू झालं. आपल्याच लेकराशी परक्या भाषेत बोलायचं, याचं तिला फार वाईट वाटायचं.

"काय झालं?" तनूने इंग्रजीतच विचारलं. सुलक्षणाने ओळ वाचून दाखवली, अडचण सांगितली.

तनूने जरा विचार केला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हटलं, "माझं पाय थांबला, असं लिही ना."

"माझे पाय थांबले," सुलक्षणाने सवयीने सुधारलं आणि तेच ओळीत लिहून पाहिलं. थांबले ते पाय. कवी कोण, ते गुपित तसंच राहिलं.

"आजीशी फोनवर मला असंच करायला लागतं. दमलो-दमले नाही बोलायचं. माझं पाय दुखतो, बोलायचं."

"म्हणून आजी नागपूरहून सारखं गुडघ्यांचं तेल पाठवते?"

"चार बाटली झाला."

सुलक्षणा हसत सुटली. हसता हसता तिने डोळे पुसले. आठ वर्षं दुसऱ्यांची वाक्यं फिरवणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य फिरवायचं सुचू नये? तिला एकदम हलकं वाटलं.

दीनानाथांचा फोन आला. त्यांनी नवी ओळ दोनदा म्हणून पाहिली.

"आधीपेक्षा बरी झाली की! कुणी सुचवलं?"

"आमच्या तनूने."

"मग आभारात नाव घालतो."

"घालाच."

फोन ठेवून ती गॅसपाशी गेली. "जेवण झालं का तुझं?" तिने विचारलं. वाक्य कुठेही अडखळलं नाही.

तनूने लॅपटॉप मिटला. "नाही. काय आहे?"

सुलक्षणाने दोन ताटं घेतली.

"आमटी आहे, भात आहे, लोणचं आहे."