आठ वाजताची चावी

"मामंजी, काल घड्याळाला चावी द्यायला विसरले. पहाटे बंद पडलं."

त्यांची बोटं थरथरायला लागल्यापासून हे काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी आठला चावी द्यायची आणि तसं येऊन सांगायचं, ही त्यांची आरमारातली सवय. ते अंघोळीला गेले तेव्हा काटे सरकवले असते, तर कळलंही नसतं. पण 'चावी दिली' म्हणायला जीभ रेटेना.

रागावले नाहीत. ओला पंचा खांद्यावर तसाच ठेवून खुर्चीत बसले.

"शेहेचाळीसच्या नाविकांच्या बंडात आम्ही इंग्रजांचा झेंडा उतरवला, तेव्हा डोळे भरून आले होते बघ. त्या गडबडीत मी चावी द्यायला विसरलो आणि जहाजावरचं घड्याळ थांबलं. त्यावरूनच जहाज समुद्रात कुठं आहे ते काढायचे. मी गुपचूप अंदाजानं वेळ लावून टाकली."

"चौकशीत विचारलं नाही?"

"बंडाचं विचारलं. 'मीही होतो' असं ताठ मानेनं सांगितलं. नोकरी गेली, त्याचं काही वाटलं नाही. घड्याळाचं कुणी विचारलंच नाही." त्यांनी थांबलेलं घड्याळ मांडीवर घेतलं. "पन्नास वर्षांनी आज सांगतोय, तुला."