सहा माणसांचा तंबू

यशवंतरावांनी शेवटची खुंटी ठोकली आणि तंबूला हातानं एक धक्का देऊन पाहिला. तंबू हलला नाही. वरच्या कोरड्या वाळूत खुंटी धरत नव्हती, म्हणून ते खाली पाण्याच्या बाजूला, ओल्या टणक वाळूवर आले होते. सोलापुरात पाणी सोडायच्या चाव्या फिरवण्यात चौतीस वर्षं घालवलेला माणूस. कुठल्या पेठेत कोणत्या दिवशी किती वाजता पाणी येणार, हे झोपेतून उठवलं तरी सांगायचे. समुद्राचं पाणीही ठरल्या वेळी वर येतं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"पप्पा, मोबाइलवर परत इशारा आलाय," दिपक गाडीपाशी उभा राहूनच ओरडला. "वादळाचा. वर चला की."

"वारं आपल्याकडं बी सुटतंय की. हितं लई घट्ट बसलाय बघ."

दिपक, त्याची बायको तेजश्री, दोन महिन्यांपूर्वी लग्न झालेली साक्षी आणि जावई यशपाल, चौघंही आभाळाकडे बघत होती. आभाळ समुद्राच्या बाजूनं काळं होत आलं होतं. यशवंतराव तिकडे बघायलाच तयार नव्हते. तंबू त्यांनी स्वतः मागवला होता, सहा माणसांचा. छोटे दोन-दोन माणसांचे तंबू मिळत होते, पण जोडीजोडीनं जागा वाटली की शेवटी एक माणूस उरतं, हे बायको, शालन, गेल्यापासून त्यांना पाठ झालं होतं. दिपकचं बिऱ्हाड वेगळं, आणि साक्षी सासरी गेल्यावर तर घरात बोलायला टीव्हीच राहिला होता. मुलं लहान असताना चौघं एका खोलीत ओळीनं झोपायची. तसं एक रात्र सगळ्यांनी ओळीनं झोपावं, एवढ्याचसाठी मिरज, कोल्हापूर करत, आंबा घाट उतरून त्यांनी पोरांना इथवर आणलं होतं. कोण कुठं झोपणार हेही ठरलं होतं. एका कडेला साक्षी आणि सून, दुसऱ्या कडेला दिपक आणि जावई, मधे ते स्वतः. नव्या जोडप्याला हे कसं वाटेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

वारा आला तो एकदमच. तंबूची एक बाजू उपटली आणि कापड फडफडायला लागलं. "धरा, धरा," म्हणत यशवंतराव धावले. मग पोरंही धावली. पाचही जण कापडाखाली शिरले आणि हाताला येईल तो कोपरा धरून बसले. वरून पाऊस सुरू झाला. तेजश्रीचं डोकं यशपालच्या पाठीवर आपटलं आणि ती हसत सुटली. तिचं बघून सगळेच हसायला लागले. साक्षीनं वडिलांचा दंड घट्ट धरला होता.

"आई असती तर तुम्हाला लई बोलली असती," ती त्यांच्या कानाशी ओरडली.

"बोलली असती की."

यशवंतरावांना इतक्या महिन्यांत असं सुख लागलं नव्हतं. वारा थांबू नये, असंच त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात पायांना गार लागलं. पाणी तंबूत आलं, मागे गेलं आणि पुन्हा आलं ते घोट्याच्या वर. किनाऱ्यावरच्या घरातून एक बाई हात हलवत ओरडत होती, "ओ काका, भरती आहे. सोडा ते आणि वर या आधी."

पोरांनी हात सोडले आणि ती पळाली. यशवंतरावांनी सगळ्यात शेवटी सोडला. पुढच्या लाटेनं तंबू आत ओढून नेला.

बाईच्या घरी भाड्यानं द्यायच्या खोल्या होत्या. सगळ्यांनी अंग पुसलं, कोरडे कपडे घातले, तिनं केलेला आमटी-भात मेणबत्तीच्या उजेडात खाल्ला. आठही वाजले नव्हते, पण सगळे दमले होते. बाई बगलेत गादी घेऊन आली.

"खोल्या दोनच आहेत. काकांची गादी कुठल्या खोलीत टाकू?"

 भाऊ-बहीण दोघंही एकदम बोलली.

"साक्षीची खोली मोठी आहे," दिपक म्हणाला.

"दादाच्या खोलीला खिडकी आहे. पप्पांना वारा लागतो झोपताना," साक्षी म्हणाली.

यशपाल मोबाइल बघू लागला. गादी बाईच्या बगलेतच राहिली.

"बाहेर टाका पडवीत," यशवंतराव म्हणाले. "मला आत झोप न्हाय येत."

कधीपासून, असं कोणी विचारलं नाही. "पप्पांना मोकळ्या हवेची सवयच आहे," तेजश्री म्हणाली, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

"पावसाचं उडेल अंगावर," बाई म्हणाली.

"उडू दे की. सगळा जलम पाण्यातच गेलाय माझा."

बाईनं भिंतीला लागून गादी घातली. साक्षी चादर घेऊन आली. तिनं उशी नीट केली, मग उगाचच पुन्हा एकदा नीट केली.

"काय लागलं तर आवाज द्या, पप्पा."

"व्हय. जा, झोपा की तुमी."

ते आडवे झाले. समोर अंधारात समुद्र गरजत होता आणि माडांच्या झावळ्या छपरावर आपटत होत्या. त्यांना शालनची फार आठवण आली. ती असती तर आज तीन खोल्या लागल्या असत्या.

दिपकच्या दाराची कडी खाडकन लागली. साक्षीचं दार बराच वेळ नुसतं लोटलेलं होतं. मग तिनं कडी अगदी हळू सरकवली, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून. वारा नेमका तेव्हाच पडला होता.