चकतीपासून लपवलेली बातमी

मुलांनो, अशी कल्पना करा की मनाच्या आजाराचं औषध दंडावर चिकटवलेल्या एका चकतीतून मिळतं. पोटात बाळ आलं की चकतीला सगळ्यांच्या आधी कळतं. ती आधी आईला सांगते, मग मानसोपचाराच्या डॉक्टरांना कळवते आणि डॉक्टर बाळालाही सोसेल असं औषध सुरू करतात.

मृण्मयीच्या आईने मात्र बाळाचं कळताच ती चकती काढून ठेवली होती.

"तीन महिने भरेपर्यंत बाहेर बोलायचं नसतं," आजी म्हणाली होती. "डॉक्टरीण झाली तरी परकीच ना ती?"

औषध थांबल्यावर आईची झोप उडाली. ती भराभर बोलायची आणि मधेच रडायची. मृण्मयीला तिची भीती वाटू लागली.

एका सकाळी आईवर उपचार करणाऱ्या डॉक्टर शेजवलकरांचा फोन आला. आई पुटपुटली, "सांग, आई आंघोळीला गेलीय."

मृण्मयीने फोन उचलला.

"काय गं, आईची चकती गप्प का झाली?"

मृण्मयीने आईच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. "काकू, आमच्याकडे बाळ येणार आहे," ती म्हणाली. "पण तीन महिने कुणाला सांगू नका हं."

आणि तिने फोन आईच्या कानाला लावला.