डेअरीतली लाल रेघ

"बुडाली," नागेश म्हणाला. "लाल रेघ बुडाली, काकू. दुधात पाणी हाय."

सारजानं वाकून पाहिलं. लॅक्टोमीटर दुधात उभा होता आणि त्याच्या काचेच्या मानेवरची लाल रेघ दुधात गडप झाली होती.

"धार काढली ती थेट हितं आले," ती म्हणाली. "पाणी काय वाटंत उडी मारून आलं का किटलीत?"

रांगेतली माणसं हसली. आज तिसरी सकाळ होती. वाडीच्या डेअरीचा नियमच होता, तीनदा दूध नापास झालं की सभासदाचं नाव रजिस्टरातून कमी. आणि सारजाचं नाव त्या रजिस्टरात चढायलाच दोन वर्षं लागली होती. तिच्या सासऱ्यानं जन्मभर मेंढरं राखली. पुढं मेंढरं गेली, दावणीला म्हैस आली, पण रांगेतल्या ऊसवाल्यांच्या लेखी ती अजून मेंढरामागचीच होती. तिनं पाणी घातलं याचं कुणाला नवलसुद्धा वाटलं नाही. सारजाला खरा संताप आला तो त्याचा.

चेअरमन आप्पासाहेब खुर्चीत रेलून बसले होते. "काच खोटं बोलत न्हाय, सारजाबाई. उद्याच्या मिटिंगीत नाव कमी करू. उगं वाद नगो."

"वाद तर घालणारच. नाव माझं जातंय, तुमचं न्हाय."

शाळेतल्या माधवीबाई अर्धा लिटर दूध न्यायला आल्या होत्या. सारजा त्यांच्याकडं वळली. "बाई, तुमी शिकलेल्या. ही काच बुडती कशानं?"

"पातळ दुधात ती खोल जाते, जड दुधात वर राहते," माधवीबाई म्हणाल्या. "मुलांना आम्ही अंडं घेऊन दाखवतो. साध्या पाण्यात अंडं तळाला बसतं. त्याच पाण्यात मूठभर मीठ विरघळवलं की पाणी जड होतं आणि अंड्याला वर उचलून धरतं."

"मंजी काच नुसतं जड का हलकं तेवढं सांगती. आन् ही रेघ कुणी मारली?"

नागेश डेअरीचा सेक्रेटरी. पोरगा सरळ होता, त्यानं लपवलं नाही. "काचंच्या आतल्या कागदावरचं आकडं पार उडालं हुतं. मग म्याच नेलपॉलिशनं मारली. समद्या वाडीचं दूध जितं तरंगतं, तितं. रोज एवढं दूध तपासतो, काकू. तुमचंच तेवढं खाली जातंय."

"मग संध्याकाळी म्हस घिऊन येते. तुमच्या म्होरं पिळते. मग बोला."

संध्याकाळी ती खरंच म्हैस ओढत डेअरीच्या दारात आली. बघायला अर्धी वाडी गोळा झाली. सारजानं पदर खोचला, रिकामी किटली उलटी करून सगळ्यांना दाखवली आणि धार काढली. ऊन दुधात काच खाली जाते, म्हणून नागेशनं किटली पाण्याच्या टाकीत ठेवून दूध गार केलं. मग लॅक्टोमीटर सोडला.

लाल रेघ बुडाली.

कासेतून निघालेलं दूध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि तरी नापास!

"म्हसच कॅनालात डुंबून आली वाटतं!" आप्पासाहेब म्हणाले. हशा पिकला.

दुसरी कुणी असती तर म्हशीचं दावं धरून घरी गेली असती. सारजा जागची हलली नाही. "आता तुमची म्हस पिळू, आप्पासायेब."

"माझ्या म्हशीची परीक्षा? तू घेणार?"

"व्हय. मी घेणार."

"आमच्या धारा कवाच झाल्या. दूध आलंय हितं."

"थोरली राहिलीया की, मालक," त्यांचा गडी भाबडेपणानं बोलून गेला.

आप्पासाहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला. पण शब्द तर तोंडातून गेला होता आणि गोठा रस्त्यापलीकडंच होता. रांगेतल्या दोघातिघांना एकदम घरची कामं आठवली. माधवीबाई मात्र म्हणाल्या, "न्यायाचंच आहे हे." मग चेअरमनना नाही म्हणता येईना.

थोरली म्हैस आली. सारजानंच पिळली. दूध गार केलं, लॅक्टोमीटर सोडला.

लाल रेघ बुडाली. सारजाच्या दुधात बुडाली होती तेवढीच.

कुणी हसलं नाही. नागेश काच बाहेर काढून पुसायचा, पुन्हा सोडायचा. तीनदा सोडली, तीनदा बुडाली.

आप्पासाहेब खुर्चीतून उठले. "मंजी काचच बिघाडलीया! बारामतीवरनं नवी आणू. सारजाबाईचं नाव कायम. मिटलं. चला आपापल्या घरला."

सारजाला हवं होतं ते मिळालं होतं. गर्दीतल्या एका म्हातारीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. नागेशनं मान खाली घालून, "चुकलं, काकू," म्हटलं. म्हशीचं दावं सोडून निघायचं, एवढंच उरलं होतं.

"मिटलं न्हाय," सारजा म्हणाली. "नागेश, आप्पासायबांच्या घरनं आलेल्या कॅनात सोड ती काच."

"अगं, आता कशाला?" आप्पासाहेब पुढं झाले, पण नागेशनं तोवर झाकण काढलं होतं. त्यानं लॅक्टोमीटर सोडला. काच जराशी डुलली आणि स्थिर झाली. लाल रेघ दुधाच्या वर, ठळक दिसत होती.

सारजानं त्या कॅनमध्ये बोट बुडवून जिभेवर ठेवलं. मग शेजारच्या कॅनमध्ये. मग त्याच्या शेजारच्या. रांगेतल्या एकानंही तिला अडवलं नाही. तिनं पदराला बोट पुसलं.

"आप्पासायेब, कारखान्यानं सभासदांना वाटलेली साखर पाणी झाकायला समदी हितंच वतली, का घरी च्याला बी ठिवलीया थोडी?"